एकच न्यायची तर कंची?

नवी मुंबईत, उलव्यात भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमचं आडनाव विचारलं नाही, मूळगाव विचारलं नाही, मटण-मासळी चालते का तेही विचारलं नाही. ओट्यावर हाफ पँट आणि बनियनवर बसलेला एक उंच, सावळा, सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांनी आम्हा नवराबायकोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "समजा, तुमाला रानात शिकारीला जायचं हाय. पुढ्यात चितळ येल, डुक्कर येल, सांबर येल, नशीब फुटलं तं गवाबी येल. रायफल एकच न्यायची. कुठला बोर घ्याल?"

माझा नवरा बंदरावर कंटेनरची कामं बघतो. आयुष्यात त्याने जत्रेतले फुगेसुद्धा फोडलेले नाहीत. बोर म्हणजे नळीचं माप, एवढं अंदाजाने धरून तो घाईघाईने म्हणाला, "सगळ्यात मोठा असेल तो."

त्यांनी त्याच्याकडे फार दयेने पाहिलं. "म्हंजे चितळाचा भुगा करशील. मंग घरी काय नेशील, शेपटी?"

मग माझा नंबर. मी कोल्हापूरची. आमच्याकडे बंदुकीपेक्षा रस्सा महत्त्वाचा. पण त्या माणसाचा चेहरा इतका गंभीर होता की थट्टा करावीशी वाटेना. मी म्हटलं, "मला उचलायला झेपेल आणि ज्याची गोळी गावात मिळेल, तो."

ते घरात बघून ओरडले, "अगो, चाय ठेव! भाडेकरू मिलालं!"

असे आम्ही दादांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. सगळं गाव त्यांना दादाच म्हणायचं, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. मुलगा ऐरोलीला आयटीत, महिन्या-दीड महिन्याने तोंड दाखवून जायचा.

पुढे कळलं, तो प्रश्न आमच्यासाठी खास नव्हता. दादा तो सगळ्यांना विचारायचे. गॅसवाल्याला, मीटर बघायला आलेल्या पोराला, एकदा तर लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या व्याह्यांना. उत्तरावरून माणूस ओळखता येतो अशी त्यांची पक्की समजूत. "मोठ्यात मोठा बोर मागनारा मनातून घाबरट असतो," ते सांगायचे, "आनी बारक्यात बारका मागनारा चिक्कू. दोघांना घरात ठेवू नये." माझा नवरा घाबरट ठरला होता, पण बायकोकडे बघून त्याला चालवून घेतला होता. हे ते त्याच्या तोंडावर सांगायचे.

दादांकडे स्वतःच्या तीन बंदुका होत्या. वडिलांची दुनळी बारा बोर. तरुणपणी स्वतः घेतलेली थ्री-फिफ्टीन रायफल. आणि थोरले भाऊ गेल्यावर त्यांची नावावर आलेली थर्टी-ओ-सिक्स, तीही रायफलच, जी भावाने पनवेलच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतली होती. तिन्ही लोखंडी कपाटात कुलूपबंद, किल्ली दादांच्या करगोट्याला. शनिवारी सकाळी तिन्ही बाहेर निघायच्या. ओट्यावर गोणपाट अंथरून दादा नळ्या पुसायला बसले की घरभर तेलाचा वास पसरायचा आणि काकी नाकाला पदर लावून फिरायच्या. "इतकी माया माज्यावर केली अस्ती तं मी पन गंजली नस्ती," त्या म्हणायच्या. दादा मान वर न करता म्हणायचे, "तुला गंज कुठं लागलाय? तुजी जीभ बघ कशी चालते."

बोरांचा विषय निघाला की मात्र माणूस खुलायचा. काकींच्या टोपलीतून ते लिंबू, बटाटा, नारळ काढून ओळीने मांडायचे आणि शेवटी फणस आणून आपटायचे. लिंबू म्हणजे चितळ, बटाटा म्हणजे डुक्कर, नारळ म्हणजे सांबर, फणस म्हणजे गवा. मग समजावणी सुरू. बारा बोर जवळून झकास, पण जनावर लांब गेलं की तिचा उपयोग नाही. थ्री-फिफ्टीन आपल्याच देशातल्या कारखान्यातली, गोळी मिळायला सोपी, पण लांबवर तिची गोळी खाली बसते. मोठ्या जनावरांसाठीची थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह, जी दादांकडे नव्हती, तिने गवा पडतो, पण लिंबाचं काय राहील? आणि खांद्याला असा दणका की दुसऱ्या गोळीच्या वेळी हात आपोआप कचरतो. थर्टी-ओ-सिक्स मधली. हलकी गोळी घातली की लिंबू, जड घातली की नारळ, आणि मन घट्ट असलं तर फणससुद्धा. "बायकांच्या हातातल्या मोठ्या तव्यासारखी हाय ती," ते म्हणायचे, "भाकरी पन होते, आमलेट पन." मग लगेच स्वतःवरच उखडायचे, कारण तिची गोळी परदेशातून येते आणि दुकानात विचारलं की दुकानदार हसतो. "ज्या बंदुकीची गोळी मिलत नाय ती बंदूक नाय, काठी हाय." तेवढ्यात काकी येऊन फणस उचलून न्यायच्या आणि सभा बरखास्त व्हायची.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाने शिकारी तरी किती केल्या असतील? मीही विचारलं. शिकारबंदी आली तेव्हा दादा ऐन तरुण होते. त्यानंतर त्यांनी एकाही जनावरावर गोळी झाडली नव्हती. "कायदा म्हंजे कायदा," एवढंच बोलायचे. म्हणजे उभं आयुष्य हा गृहस्थ अशा प्रश्नाचं उत्तर शोधत होता, जे मिळालं असतं तरी वापरता आलं नसतं. मला आधी याची गंमत वाटायची.

लायसनचीही कथाच होती. त्यावर कारण लिहिलेलं शेतीसंरक्षण. शेती बघावी तर सगळी शहरासाठी गेलेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर ही आमची बिल्डिंग. मागे एक मोटार उभी राहील एवढी जागा उरली होती. त्यात दादा दर पावसाळ्यात भात लावायचे. चिखल करून, रोपं काढून, अगदी विधिवत. लायसन नव्याने करायच्या वेळी कुणी साहेब बघायला आला तर शेत दाखवता यावं म्हणून. एकदा एक तरुण अधिकारी खरंच आला. तो तुकडा बघून म्हणाला, "दादा, इथे कुठलं जनावर येणार?" दादा म्हणाले, "साहेब, तुमी आलाव ना?" साहेब हसत सुटला आणि सही करून गेला.

निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागायच्या. त्या दिवसांत दादा अगदी विधुर दिसायचे. दोन दिवसांआड ठाण्यात जाऊन "दमट जागी ठेवू नका" असं सांगून यायचे. तिथल्या हवालदारांनी शेवटी त्यांच्यासाठी एक खुर्चीच ठरवून टाकली होती.

पलीकडे विमानतळासाठी डोंगर फोडायचं काम चालायचं तेव्हा दुपारी सुरुंगाचे बार उडायचे, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. बाकीचं गाव शिव्या घालायचं. दादा ओट्यावर डोळे मिटून बसायचे आणि बार झाला की म्हणायचे, "ह्यो बोर लई मोठा हाय. पन डोंगर पन एका बाराला मरत नाय." हळूहळू डोंगर दिसेनासा झाला. तेव्हापासून त्या बाजूला तोंड करून बसणं त्यांनी सोडलं.

आता रविवारचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

रविवारी मटण शिजलं की दादा स्वतः वाटे घालायचे. पूर्वी गावची पारध डोंगरात जायची, हाकारे उठवून जनावर काढायची, तेव्हाची ही रीत. हाकाऱ्यातल्या प्रत्येक माणसाचा एक वाटा, कुत्र्यांचा एक, आणि बंदुकीचा एक. शिकार राहिली नाही, आता मटण बाजारातून यायचं, पण दादांनी वाटे सोडले नव्हते. कुत्र्यांचा वाटा फाटकाशी बसलेल्या गावठी कुत्र्यांना. बंदुकीचा वाटा वरच्या मजल्यावर, आमच्याकडे. "बंदूक खात नाय," दादा म्हणायचे, "आनी भाडेकरू सोडत नाय." दर रविवारी काकी झाकलेली वाटी घेऊन वर यायच्या. खरं सांगते, कोल्हापूरच्या माणसाने दुसऱ्याच्या मटणाला बरं म्हणावं हे अवघड असतं, पण काकींच्या हाताला तोड नव्हती.

त्या वाटीत कलेजी नेहमी भरपूर असायची. मला वाटायचं, केवढं हे प्रेम. मग एकदा मी आमच्या पद्धतीची कलेजी परतली, कांदा-खोबऱ्याचं वाटण, वर कोथिंबीर, आणि मोठ्या हौसेने खाली घेऊन गेले. दादांनी ताट हाताने हलकेच बाजूला सारलं. "मना नाय चालत, पोरी." चेहऱ्यावर राग नव्हता, पण पुढे बोलायची सोयही नव्हती. मला लागलं हो. एवढी मेहनत केलेली. काकी म्हणाल्या, "ते खात नाय गो. दे, मी खाते." आणि त्यांनी उभ्या उभ्या चार तुकडे खाल्ले. मी मनात म्हटलं, युरिक अ‍ॅसिड असेल, म्हाताऱ्या माणसांना असतंच काहीतरी.

मग हत्यारांचा कायदा बदलला. एका माणसाकडे तीन हत्यारं चालायची ती आता दोनच. ठाण्यातून निरोप आला, दादा, एक जमा करा, मुदत अमुक दिवसापर्यंत.

झालं. जो प्रश्न हा माणूस इतकी वर्षं जगाला विचारत होता तो जगाने उलटा त्यांनाच विचारला. आणि दादांची बोलती बंद झाली. आधी बोरांवर तासभर बोलणारा माणूस आता तिन्ही बंदुका पुढ्यात घेऊन नुसता बसून राही. एक उचलायचे, खांद्याला लावायचे, खाली ठेवायचे. मुलगा ऐरोलीहून फोन करायचा, "बाबा, तिन्ही देऊन टाका, टेन्शन कशाला?" दादा फोन काकींकडे द्यायचे. रविवारी वाटी वर यायची, पण काकी म्हणायच्या, "आज पन नीट जेवलं नाय."

मला राहवलं नाही. एका शनिवारी संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, "दादा, तुमच्याच हिशेबाने सांगते. थर्टी-ओ-सिक्स सगळ्यात चांगली, ती भावाची आठवण, ती ठेवा. बारा बोर वडिलांची, ती ठेवा. राहिली थ्री-फिफ्टीन. तुम्हीच म्हणता तिची गोळी खाली बसते. ती देऊन टाका. यात अवघड काय आहे?"

दादांनी थ्री-फिफ्टीन मांडीवर घेतली. लाकडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हीच नाय देता येत."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या हळदीच्या दिवसाची गोष्ट.

आगरी माणसाची हळद म्हणजे काय, हे नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. लग्नापेक्षा हळद मोठी. रात्रभर गाणं, आणि जेवणावळ अशी की गाव सरत नाही. दादा तेव्हा वीस-बावीस वर्षांचे, नवी कोरी रायफल घेतलेली. मित्रांना म्हणाले, माझ्या हळदीला बाजारातलं मटण नको, सांबराचं खायला घालतो. तेव्हा शिकारीवर बंदी नव्हती. दिवस उजाडायच्या आधी चौघे कर्नाळ्याच्या पलीकडच्या रानात गेले. दुपार कलता कलता सांबर निघालं. मोठं, जून शिंगांचं. दादांनी गोळी घातली. अंतर जास्त होतं. गोळी खाली बसली, पोटात लागली. जनावर कोसळलं, उठलं आणि घळीत उतरून गेलं.

"रगत काळं होतं," दादा म्हणाले. "काळं रगत म्हंजे पोट. पोटात लागलेला लवकर मरत नाय. मागं जायला पायजे. रात्र झाली तरी जायला पायजे. पन घरी मांडव घातलेला, हलद लावायला बायका थांबलेल्या. पोरं बोलली, चल रे, उद्या बघू. मी आलो."

दुसऱ्या दिवशी लग्न. तिसऱ्या दिवशी सत्यनारायण. पूजेला बसलेले असताना रानातला एक कातकरी फाटकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, दादा, तुमचा सांबर मिळाला. काल संध्याकाळी मेला.

"काल," दादा म्हणाले. "म्हंजे माज्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तवा तो जित्ता होता. घळीत परलेला."

पारधीची जशी वाट्यांची रीत होती, तशीच कलेजीचीही होती. जो माणूस रक्ताचा माग काढून जखमी जनावराला गाठेल, कलेजी त्याची. मारणाऱ्याची नाही, गाठणाऱ्याची. आणि ज्याने जखमी जनावर रानात सोडलं, त्याने पुढचं जखमी जनावर स्वतः माग काढून गाठेपर्यंत कलेजीला हात लावायचा नाही. गावच्या म्हाताऱ्यांनी दादांना तसं सांगितलं. दादांना वाटलं, ठीक आहे, पुढच्या खेपेला गाठू. पुढची खेप यायच्या आत शिकारबंदी आली. पुढचं जनावर कधी आलंच नाही.

"मी सगल्यांना सांगायचो, बोर कमी परला," दादा म्हणाले. "थर्टी-ओ-सिक्स अस्ती तं जाग्यावर परला अस्ता. इतकी वर्षं तेच बोलतोय. तुला बी तेच विचारलं, आली त्या दिवशी. पन बोर नाय कमी परला, पोरी. पाय कमी परलं."

आत भांडी घासायचा आवाज थांबला होता. काकी दारात येऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "लग्नात ह्यांचं तोंड असं उतरलेलं. मना वाटलं, मी आवडली नाय. पोरगा झाला तोपर्यंत तसंच वाटत होतं. मंग एक दिवस मीच विचारलं, तवा सांगितलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती बंदूक ठेवू दे त्यांना. दुसरी कंची बी देऊ दे." पण दादा मान हलवत होते. भावाची द्यावी तर भाऊ दुखावेल, वडिलांची द्यावी तर वडील. दोघेही वर गेलेले, पण दादांच्या लेखी ते रोज ओट्यावरून जातायेता विचारपूस करत असावेत.

मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते तेव्हा ती सकाळ झाली.

मी स्कूटीवर ऑफिसला निघाले होते. खाडीकडच्या रस्त्यावर, खारफुटी, म्हणजे तिवरांची झाडी, लागते तिथे, गर्दी. मला वाटलं अपघात. होता अपघातच, पण माणसाचा नाही. एका डंपरने कोल्ह्याला उडवलं होतं. डंपर थांबलाही नव्हता. इथल्या तिवरांत कोल्हे आहेत हे ऐकून होते, पण पाहिला नव्हता. तेव्हाही दिसला नाही. रस्त्यावर फक्त रक्त होतं आणि त्याची ओळ चिखलात उतरून झाडीत गेली होती. दहा-पंधरा जण मोबाइल धरून उभे. आणि पलीकडच्या टपरीवरून चहाचा ग्लास हातात घेऊन आलेले दादा.

एक पोरगा म्हणाला, "दादा, बंदूक आणा ना. सोडवून टाका बिचाऱ्याला."

दादांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून त्यांनी रक्ताला बोट लावलं, उजेडात धरलं. "लाल हाय. पाय गेलाय, पोट नाय." मग ग्लास टपरीवाल्याला परत देऊन चपला काढल्या, पँट वर गुंडाळली आणि चिखलात उतरले.

"दादा!" मी ओरडले. "अहो, शुगर आहे तुम्हाला! पायाला काही लागलं तर?"

"फोन लाव," ते म्हणाले. "जंगलवाल्यांना. मी गाठतो, त्यांना माज्यामागं धाड."

मी वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन लावला, जागा सांगितली. मग तशीच, चांगली सलवार चिखलात घालून, त्यांच्या मागे गेले. का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. त्या माणसाला एकट्याला जाऊ द्यावंसं वाटलं नाही, एवढं खरं. तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली, पाय ठेवायचा कुठे? दादा मात्र घरच्या अंगणात चालावं तसे चालले होते. पानावरचा एक थेंब, मुळावर पुसलेला एक डाग. एके ठिकाणी माग तुटला. दादा थांबले, उभ्या जागी हळूहळू वळले, आणि मग एका बाजूला गेले. तिथे पुन्हा थेंब. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

कोल्हा एका झाडाच्या बुंध्याशी होता. मागचा पाय नुसता लोंबत होता. आम्हाला बघून त्याने दात दाखवले, पण उठला नाही. दादा चार हात लांब चिखलात बसले. अगदी मांडी घालून. गावातली कुत्री रक्ताच्या वासाने मागून आली होती, त्यांना त्यांनी जवळची फांदी उचलून हाकललं. एरवी हीच कुत्री रविवारी त्यांच्या हातून वाटा खायची. "आज नाय रे," ते त्यांना म्हणाले. "आज तुमचा वाटा नाय."

भरतीचं पाणी वर चढत होतं. माझ्या घोट्यापर्यंत आलं, दादांच्या मांडीवर आलं. मी म्हटलं, दादा, उठा आता. ते उठले नाहीत. कोल्ह्याकडे बघत होते आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "हाय मी. हाय मी. आलोय." तेवढंच, पुन्हा पुन्हा. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. कोल्ह्यासाठी की दादांसाठी, कोण जाणे.

वनखात्याची माणसं जाळी आणि पिंजरा घेऊन आली. चांगली पोरं होती, फार सांभाळून त्याला उचललं. दादांना दोघांनी धरून बाहेर आणलं. संध्याकाळी मी फोन करून विचारलं. कोल्हा वाटेतच गेला होता.

हे खाली जाऊन सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. दादा पायांना पट्ट्या बांधून ओट्यावर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "एकटा नाय गेला," म्हणाले. मग थोड्या वेळाने, जरा चाचरत, "पोरी, एक विचारतो. पारधीतली म्हातारी मान्सं सगली गेली, विचारायला कोन उरला नाय. त्याला मी मारला नव्हता. तो काय शिकारीचा जनावर पन नव्हता. पन गाठला तं मीच. चालंल?"

मी कोल्हापूरची. आगऱ्यांच्या पारधीतलं मला काय कळतं? पण समोरचा माणूस निकालाची वाट बघत होता. मी म्हटलं, "दादा, तुमच्या रीतीत जनावर कुणी मारलेलं असावं असं म्हटलंय का?"

"नाय."

"कुठलं जनावर असावं?"

"जखमी."

"आणि?"

"माग काढून गाठायचं."

"मग झालं तर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी थ्री-फिफ्टीन पुसली, तेल दिलं, कापडी पिशवीत घातली आणि रिक्षाने ठाण्यात जाऊन देऊन आले. हवालदार म्हणे म्हणाला, दादा, लोक गंजलेलं डबडं आणून जमा करतात, तुम्ही इतकी चकचकीत का देताय? दादांनी त्याला काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. त्यानंतर तो प्रश्न त्यांनी कुणाला विचारल्याचं मी ऐकलं नाही. आमच्या शेजारची खोली रिकामी झाली आणि नवीन जोडपं आलं, तेव्हा दादांनी फक्त विचारलं, "मटन खाता ना?"

आणि तो रविवार. त्या रविवारी वाटी वर आली नाही, आम्हालाच खाली बोलावलं. दादांनी नेहमीसारखे वाटे घातले, कुत्र्यांचा फाटकाशी नेऊन ठेवला, हात धुऊन ताटावर बसले. काकी कलेजीची वाटी घेऊन वाढायला आल्या. मला वाढली, माझ्या नवऱ्याला वाढली, आणि सवयीने दादांचं ताट सोडून पुढे गेल्या.

दादांनी ताट पुढे केलं. "मना."

काकींना कळलंच नाही. "काय पायजे? रस्सा?"

"कलेजी."

काकी तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी घाईने एक तुकडा वाढला, तसा रस्सा दादांच्या बनियनवर सांडला. माझा नवरा, तो घाबरट, ताटात खाली मान घालून बसला होता. दादांनी तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, डोळे मिटून गिळला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"हलदीच्या दिवसापासून तोंडात नाय घातली, आनी आज मीठ काढतंय बघ!" काकी म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत त्यांनी उरलेली सगळी वाटी दादांच्या ताटात उपडी केली.